इंदापूरचा सहावा

रीळ संपायच्या थोडं आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या कडेला, एक गोल ठिपका येतो. फिल्मच्या पट्टीवर तो खसखशीच्या दाण्याएवढा असतो. पडद्यावर पोहोचेपर्यंत ताटलीएवढा होतो. पापणी लवावी तेवढाच वेळ तो टिकतो. पिक्चर बघणाऱ्या बहुतेकांना तो आयुष्यात कधी दिसत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष मधोमध असतं. तो त्यांच्यासाठी नसतोच. पहिला ठिपका आला की ऑपरेटरने दुसरं मशीन सुरू करायचं, काही क्षणांनी दुसरा आला की एका मशीनची झडप बंद करून दुसऱ्याची उघडायची. हे नीट जमलं तर एक रीळ संपून दुसरं लागलं हे कुणाला कळतही नाही. चुकलं तर पट्टी संपते, पडदा कोरा पांढरा होतो, आवाज बंद पडतो आणि खालून शिव्या येतात.

सर्जेरावांना अशा शिव्या क्वचितच बसल्या होत्या. इंदापूरच्या थिएटरात ते तरुणपणी ऑपरेटर म्हणून लागले आणि तिथेच त्यांचे केस पिकले. "ठिपका बघायचा नसतो," ते सांगायचे. "त्यो दिसतो." हे त्यांना मशीनने शिकवलं नव्हतं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन दर वर्षी कोकणात उतरायचे. कळपामागून चालताना त्यांनी पोराला सांगितलं होतं की नजर पुढं ठेव. वेगळं पडलेलं मेंढरू डोळ्याच्या कडेला आपसूक कळतं, टक लावलीस तर निसटतं. पुढे मेंढरं विकली गेली. नजर तेवढी सर्जेरावांनी मशीनच्या केबिनमध्ये आणली.

त्यांच्या मुलीने, योगिनीने, हे सगळं लहानपणी केबिनच्या लोखंडी जिन्यावर बसून ऐकलं होतं. आता ती बी.एस्सी. होऊन, डोळे तपासण्याचा कोर्स करून बारामतीच्या एका नेत्र दवाखान्यात नोकरी करत होती. सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळच्या एसटीने यायची. डोळ्याची कडा आता तिला मोजता येत होती.

दवाखान्यातल्या एका भिंतीवर काळ्या कापडाचा पडदा होता. पेशंटने एक डोळा झाकून मधल्या खुणेकडे बघत राहायचं. योगिनी काळ्या काठीच्या टोकाला लावलेला पांढरा मणी कडेकडून हळूहळू आत आणायची. मणी दिसला की पेशंटने "आला" म्हणायचं, नाहीसा झाला की "गेला". त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सर्जेराव चष्म्याचा नंबर काढायला आले होते. नंबर किरकोळ वाढला होता. इतर पेशंट गेले होते आणि ती मोकळी होती, म्हणून तिने त्यांना पडद्यासमोरही बसवलं. वरच्या बाजूला एक कमान होती, जिच्यात मणी कितीही फिरवला तरी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या डोळ्यालाही तशीच कमान, जरा लहान. तिने पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.

तो मोतीबिंदू नव्हता, काढून टाकता येण्यासारखा. काचबिंदूच असणार. त्यात गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली मात्र थेंब वेळेवर सुरू केले तर राखता येते. हे ती रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगायची. डॉक्टर पुण्याहून फक्त गुरुवारी यायचे आणि तो दिवस शनिवार होता. गुरुवारी आबांना परत आणायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं. मग सर्जेरावांनी चष्मा नाकावर चढवला आणि सहज विचारलं, "मशीनवर बसाया अडचण न्हाय ना काय?"

"नाही," ती म्हणाली.

त्यांनी स्टँडवर तिला भेळ घेऊन दिली, स्वतःही खाल्ली, आणि बारामतीत पहिल्यांदा कुठला पिक्चर बघितला होता ते गाडी सुटेपर्यंत सांगत राहिले.

पुढच्या गुरुवारी चुलत्यांच्या घरी लग्न होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारी नवा पिक्चर लागायचा होता. मग गुरुवार नुसतेच येत राहिले. त्यांना आणायचं म्हणजे आधी त्या "नाही"चं काय ते सांगावं लागणार होतं.

पावसाळा सरताना पाच जणांचा तो पिक्चर आला. परदेशी, पण हिंदीत बोलणारा. त्यातल्या प्रत्येकाचा वेगवेगळा पिक्चर आधीच्या वर्षांत याच पडद्यावर येऊन गेला होता; आता पाचही एकत्र. त्यांची इंग्रजी नावं लोकांनी कधीच ठेवली नव्हती. अंगावर गोळ्या झेलणारा पैलवान. उडणारी टिटवी. हातातून वीज सोडणारा डायनामो. पाण्याखाली श्वास घेणारा पाणकोंबडा. आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखणारा, टक्कल पडलेला मास्तर. पिक्चर आधी बारामतीत चालला आणि रिळांचे तेच डबे मग इंदापूरला आले.

पहिल्या रविवारी तीनच्या खेळाला योगिनी आईबरोबर बाल्कनीत बसली होती. पडद्यावर दुष्टाने पैलवानाला डोंगराच्या कड्याशी दाबून धरलं होतं. पैलवानाने वर आभाळाकडे बघितलं. उजव्या कोपऱ्यात ठिपका आला. दुसरा आला. योगिनीच्या हाताची मूठ आपोआप वळली. पडदा पांढरा झाला आणि थिएटर एकदम शांत झालं.

ती शिव्यांची वाट बघत राहिली.

पुढच्या बाकांवरून एक आवाज चिरकला, "सहावा! आरं, सहावा आला!"

मग शिट्ट्या. कुणीतरी चिल्लर उधळली. चित्र परत आलं तेव्हा पैलवान मोकळा उभा होता आणि दुष्ट धुळीत पडला होता. दोन रिळांच्या सांध्यावर पिक्चरच मुळात तशी उडी मारत होता. पण इंदापूरच्या पब्लिकने मधला पांढरा उजेड बघितला होता. शिवाय सुरुवातीच्या एका दृश्यात पाचही जण गोल टेबलाभोवती बसतात तेव्हा खुर्च्या सहा असतात. सहावीबद्दल पिक्चरमध्ये कुणी काही बोलत नाही. आता सगळं जुळलं.

"काय झालं गं?" आईने, सारजाबाईंनी, विचारलं.

"काही नाही. सहावा आला," योगिनी म्हणाली.

सोमवारी सकाळी बारामतीच्या गाडीत हाच विषय. बावड्याचा मल्हार इंदापूरला गाडी बदलून कॉलेजला जायचा. तो मधल्या दांड्याला धरून उभा राहिला आणि त्याने बारामतीच्या ऋषिराजला घेरलं. ऋषिराज रविवारी मामाकडे इंदापूरला येऊन आता परत चालला होता.

"खुर्च्या किती व्हत्या? सांग."

"सहा."

"मान्सं?"

"पाच. एक जादा ठिवली आसंल. पाव्हणा आला म्हंजी पळापळ नको."

गाडी हसली. मल्हारही हसला, पण मागे हटला नाही. "पाव्हणा न्हाय रं. त्यो बसल्यालाच हाय तितं. दिसत न्हाय फकस्त. पाचातला एखादा एकटा पडला, की मगच येतो."

"आमी बारामतीत दोन येळा बघितला पिक्चर. पांढरं काय बी न्हाय. तुमच्या ऑपरेटरला डुलकी लागली आसंल."

"डुलकी? सर्जातात्याला?" मल्हार वळला. योगिनी खिडकीशी बसली होती. "ताई, तुमीच सांगा. तुमचे आबा मशीनवर डुलक्या काढत्यात व्हय?"

"नाही," योगिनी म्हणाली. ते खरं होतं. तरी तिने मान खिडकीकडे फिरवली.

"ऐकलं? मंग तुमच्याच थेटरवाल्यानं कापला त्यो. बारामतीकरांस्नी जादा दिलं तर पचत न्हाय."

"यिऊन बगतो परत," ऋषिराज म्हणाला. "चार पोरं घिऊन येतो. न्हाय दिसला तर बोल."

आठवडाभरात सहाव्याला एक आयुष्य मिळालं. कुणी म्हणे तो मास्तरचा थोरला भाऊ, आधीच्या पिक्चरमध्ये मेलेला. कुणी म्हणे तो माणूस नाहीच, पाचांची एकत्र झालेली ताकद आहे, आणि म्हणून त्यांच्या वेगवेगळ्या पिक्चरमध्ये कधी दिसला नाही. थिएटरच्या दारात शेंगदाणे विकणाऱ्या दगडाबाईंना त्या पिक्चरमधलं हिंदी समजत नव्हतं. त्यांचा तरणा मुलगा डाळजजवळ हायवेवर अपघातात गेला होता. त्या दर खेळाला मधेच टोपली ठेवून आत यायच्या, पांढरं होईपर्यंत भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि मग परत जायच्या. "गेल्यालं मानूस आसंच येतं," त्यांनी योगिनीला सांगितलं. "बिगर आवाजाचं. तुजा बा लई पुण्याचं काम करतो, बाय."

योगिनीला त्यांच्या हातातले शेंगदाणे घेववेनात.

थिएटरचे मालक बापूसाहेब एका सकाळी स्वतः घरी आले. पिक्चर एका आठवड्यात उतरायचा होता. आता तिसरा आठवडा लागणार होता. 'सहावा फक्त इंदापुरात' अशी पाटी त्यांनी रंगवून दाराशी लावली होती.

"सर्जेराव, काय डोकं लावलं राव! हे सुचलं कसं तुमास्नी?"

सर्जेरावांनी चहाची बशी खाली ठेवली. ती पाटाच्या कडेवर टेकली आणि थोडा चहा सांडला. सांडलेल्या चहाकडे बघतच ते म्हणाले, "पब्लिकची नाडी कळती हो आता. जरा सोडायचा पडदा मोकळा."

योगिनीने फडक्याने चहा पुसला. आबा मुद्दाम करतात, हे तिला क्षणभर खरं वाटलं. खरं वाटावं अशी तिची इच्छा होती. तसं असेल तर ते काळं कापड आणि ती कमान, सगळंच तिची मोजण्यातली चूक ठरलं असतं.

"पर एक करा," बापूसाहेब म्हणाले. "मारामारीतच आना त्याला. काल टिटवी आन् डायनामो गळ्यात गळं घालून गाणं म्हणत्यात, आन् ह्यो मधीच! लोक म्हणाया लागली, सहाव्याला येळकाळ कळंना."

सर्जेराव मोठ्याने हसले. त्या रविवारी त्यांनी योगिनीला केबिनमध्ये बोलावलं.

केबिनमध्ये मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या काड्यांचा वास होता आणि दोन मशीनची घरघर. सर्जेरावांनी तिला भिंतीतल्या चौकोनी झरोक्याशी स्टूल दिलं. "हितं बस. ठिपका आला की नुसतं 'आला' म्हण. माझा नंबर परत वाढलाय वाटतं." हे बोलताना ते मशीनचं झाकण पुसत होते.

"कुंडलिक आहे की," ती म्हणाली. कुंडलिक त्यांचा मदतनीस. पंधरा वर्षं रिळं गुंडाळत आला होता आणि मशीनही चालवू शकत होता.

"कुंडलिकला सांगायचं म्हंजी चावडीवर सांगायचं."

ती बसली. ठिपका आला की "आला" म्हणाली. सर्जेरावांचा हात झडपेवर अचूक पडला, पूर्वीसारखाच. दुसऱ्या रिळालाही. दिवसभर पेशंट तिला जो शब्द सांगायचे तो आता ती वडिलांना सांगत होती, आणि इथे कुणाला काही दिसत नाही असं नाहीच, असं दोघंही धरून चालले होते. तिचा आवाज कापला नाही, याचंच तिला घरी जाताना वाईट वाटलं.

गुरुवारी दवाखान्यात डाळजहून एक म्हातारा आला. सुनेने हाताला धरून आणला होता. योगिनीने काळ्या पडद्यासमोर बसवून मणी फिरवला. मणी अगदी मधोमध येईपर्यंत म्हातारा गप्प होता. असे पेशंट महिन्यातून एखादा तरी यायचे. डॉक्टर नेहमीचंच म्हणाले, की थोडं आधी आणायला हवं होतं.

"आमाला कुणी सांगितलंच न्हाय," सून म्हणाली. ती रागावली नव्हती. नुसती माहिती देत होती. "सांगितलं आसतं तर आणलं आसतं की."

योगिनी मणी लावलेली काठी हातात घेऊन तशीच उभी राहिली. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलवायला दोनदा सांगितलं.

पिक्चरचा शेवटचा रविवार. ऋषिराज खरोखरच पोरं घेऊन आला होता. मल्हारने त्यांच्यासाठी मधली रांग धरून ठेवली होती आणि स्वतः त्यांच्या मागे बसला होता, त्यांची तोंडं नीट दिसावीत म्हणून. योगिनी वर निघाली तेव्हा कुंडलिकने तिला जिन्यावर अडवलं.

"ताई, तात्यास्नी सांगू नगा. पैलवानाच्या रिळाचं शेपूट सकाळी गुंडाळताना फाटलं. मी कापून टाकलं तेवढं. दोन्ही ठिपकं गेलं त्यात." त्याने ओशाळून डोकं खाजवलं. "त्या रिळाला आता ठिपका न्हाय. तितं तुमी चित्रावर ध्यान ठिवा, पैलवानानं वर बघितलं की संपलंच म्हणून समजा."

"सांगत नाही," ती म्हणाली, आणि वर गेली. न सांगण्याची तिला सवय झाली होती.

सर्जेराव ताजी दाढी करून आले होते. "बारामतीची पोरं आल्यात," ते म्हणाले. "आज पैलवानाच्या येळंला तू गप राहायचं. तितं मी बघतो. बाकी ठिकाणी म्हण."

बाकी ठिकाणी ती म्हणत गेली. पोथीचं पान उलटावं तशी रिळं बदलत गेली, खाली कुणाला काही कळलं नाही. मग कडा आला, दुष्ट आला. पैलवान खाली गेला. योगिनी झरोक्यातून उजव्या कोपऱ्याकडे टक लावून बसली होती. कोपरा स्वच्छ होता. पैलवानाने वर बघितलं. कोपरा तसाच. मग पट्टीचं टोक चाकावर फटफट वाजलं आणि पडदा पांढरा झाला.

खाली सगळ्या थिएटरने एकदमच ओरडायला सुरुवात केली. "आला! आला!" मधल्या रांगेत ऋषिराज उभा राहिला होता. मल्हार त्याच्या पाठीवर बुक्के मारत होता. आणि मागच्या भिंतीशी, उजेड अंगावर घेत, दगडाबाई हात जोडून उभ्या होत्या.

पडद्यावरचा उजेड झरोक्यातून परत केबिनमध्ये येत होता, सर्जेरावांच्या गुळगुळीत गालावर. त्यांनी सावकाश दुसरं मशीन लावलं, झडप उघडली. पैलवान मोकळा उभा राहिला. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि तिच्याकडे वळून हसले.

"बगितलंस? आज माझा मला दिसला ठिपका. दोन्ही बी. दिसून बी मुद्दाम सोडला."

योगिनी त्यांच्याकडे बघत राहिली. ते हसतच होते. पण त्यांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी मुलं बघतात तसे. आपल्याला फसवायचं त्यांच्या मनात नाही, हे तिला समजलं. त्यांना उन्हाळ्यापासूनच सगळं माहीत होतं, किंवा भीती होती. तिने "नाही" म्हटलं तेव्हा त्यांनी तो शब्द घट्ट धरून ठेवला होता, आणि तो तिला खोटा पाडावा लागू नये म्हणून ते आजवर धडपडत होते.

"आबा," ती म्हणाली, "त्या रिळाला आज ठिपका नव्हताच. सकाळी तेवढी पट्टी फाटली."

सर्जेरावांचं हसू जागेवरच राहिलं, नुसतं त्यातलं काहीतरी निघून गेलं. त्यांनी पुढचं रीळ उचललं, परत ठेवलं. दारात कुंडलिक येऊन उभा होता. त्याने मान खाली घातली. खाली पब्लिक अजून टाळ्या वाजवत होतं.

"पिक्चर सपू दे," सर्जेराव म्हणाले. "घरी गेल्यावर बोलू."

घरी गेल्यावर आई असेल, जेवण असेल, आणि मग झोपायची वेळ होईल. हे योगिनीला पाठ होतं.

"नाही," ती म्हणाली. "उन्हाळ्यात तुम्ही मला विचारलं आणि मी खोटं सांगितलं. तुमची वरची नजर गेलीय, आबा. ती परत येणार नाही. माझ्यामुळे एवढे महिने फुकट गेले. या गुरुवारी सकाळच्या गाडीने तुम्ही माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं. आणि पुढचं रीळ कुंडलिक लावेल. तुम्ही मशीनवरून उठा."